ने ब्याड!

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, घर सोडलं तेव्हा मला घेतलं, कपड्यांचं एक बोचकं घेतलं आणि चुलीवरचा लोखंडी तवा घेतला. तवा अजून कोमट होता. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून तिनं तो छातीशी धरला आणि आम्ही मैंदर्गीच्या स्टँडवर येऊन सोलापूरच्या यष्टीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, त्यात काय हाय? लगेज लागंल." अव्वा म्हणाली, "तवा हाय. माहेरचा हाय." लगेजाचा आणि माहेराचा काय संबंध ते कंडक्टरला कळलं नाही, मलाही कळलं नाही. पण अव्वा एखादी गोष्ट अशा काही आवाजात सांगायची की समोरच्याला पुढं विचारायची सोय राहायची नाही. कंडक्टर टिंगटिंग करून पुढं गेला. मी अकरा वर्षांची होते, खिडकीजवळ बसायला मिळालं म्हणून मला भलताच आनंद झाला होता. आता सत्तरीत असं वाटतं की काय बाई मूर्ख पोर होते मी! पण खरं तेच लिहायचं ठरवलंय, तर आनंद झाला होता.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, मैंदर्गीला खानावळ होती. म्हणजे पाटी अप्पांची, गल्ला अप्पांचा, आणि पहाटेपासून भाकरी थापायची अव्वानं. आमच्या लिंगायतांची कडक भाकरी ठाऊक असेल तुम्हाला, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. अव्वाची कडक भाकरी कानाशी नेऊन मोडली की आवाजावरून लोक ओळखायचे, ही नीलव्वाची. अशा बाईच्या घरी अप्पांनी एके दिवशी दुसरी बाई आणून बसवली आणि अव्वाला म्हणाले, दोघी मिळून करा, तुलाच मदत. अव्वा काही बोलली तर तिला चुलीतल्या लाकडानं मारलं. तिच्या डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी राहिली. मी ते पाहिलं होतं. त्याबद्दल याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही. गावात एक ग्रामसेविका यायच्या, सायकलवरून, बायकांना लसणीचं आणि लसीचं सारख्याच उत्साहानं सांगायच्या. त्यांनी अव्वाच्या कानात सांगितलं होतं, "नीलाबाई, सोलापूरला सरकारचं घर आहे बायकांसाठी. राहायला मिळतं, शिकायला मिळतं, पुढं कामही मिळतं." अव्वानं ते पदराला गाठ मारल्यासारखं ठेवलं होतं. गाठ सोडायला तिनं सहा महिने घेतले.

ते सरकारी महिलागृह म्हणजे एक लांबलचक कौलारू इमारत होती, मध्ये अंगण, अंगणात कडुलिंब आणि एक हातपंप. हा पंप पाणी देण्याआधी म्हाताऱ्यासारखा खाकरायचा. पहाटे गिरण्यांचे भोंगे व्हायचे, एकामागून एक, आणि भोंगे थांबले की मागच्या गल्लीतल्या तेलुगू घरांमधून मागांची खटखट सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. पहिले दोन दिवस मला वाटलं, सगळं शहरच कुणीतरी धोपटत बसलंय. आमच्या खोलीत खैरूनबी होत्या, विडी वळता वळता सगळ्या जगाचा न्याय करायच्या. अव्वा कानडीत बोलायची, त्या दखनीत, आणि दोघींचं भांडण शुद्ध सोलापुरीत व्हायचं. सरकारनं घराला काहीतरी लांब संस्कृत नाव दिलं होतं, गेटावर पाटीही होती, पण गावातलं कुणी ते नाव घ्यायचं नाही. टांगेवाल्याला सांगायचं झालं तर "टाकलेल्या बायकांचं घर". शाळेत माझी ओळखही तीच, टाकलेल्या बाईची पोर.

आणि त्या घराचे कारकून होते भाऊसाहेब. बारीक, ताठ, काळी टोपी, खिशात तपकिरीची डबी आणि मनात एकच दुःख, जगाचं व्याकरण बिघडलंय. मास्तर व्हायचं होतं त्यांना, झाले कारकून. म्हणून त्यांनी सगळ्या दुनियेचीच शाळा करून टाकली होती. भाजीवाली "वांगं" म्हणायच्या ऐवजी "वाइंग" म्हणाली की ते तिला थांबवायचे. पुण्याहून परिपत्रक आलं तर आधी त्यातले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईनं सुधारायचे आणि मगच ते फायलीला लावायचे. त्यांच्यासमोर आमची अव्वा उभी राहिली, कानडी शाळेत शिकलेली, तोडकंमोडकं मराठी बोलणारी, काखेत तवा.

"नाव?"

"नीलव्वा."

"नीलाबाई," म्हणत त्यांनी लिहिलं. "नवरा?"

"टाकला."

भाऊसाहेबांनी टाक थांबवला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही कानडी बोलणारी माणसं मराठी बोलताना 'ने' खातो. कानडीत 'ने' नाहीच, मग आणायचा कुठून? अप्पा मारलं, मास्तर सांगितलं, मांजर दूध सांडलं, असं आमचं चालतं. भाऊसाहेबांनी अक्कलकोटकडच्या अशा कितीतरी बायकांचे 'ने' आजवर भरून दिले होते. त्यांना वाटलं, ही तसलीच एक. ते प्रेमानं म्हणाले, "बाई, वाक्य पुरं करावं. नवऱ्याने टाकले. म्हणा बघू. नवऱ्या-ने."

"न्हाई की. नवरा टाकला."

"अहो, ने! तृतीया विभक्ती! ने!"

"ने ब्याड!" अव्वा म्हणाली.

ब्याड म्हणजे आमच्या कानडीत नको. भाऊसाहेबांना ऐकू आलं इंग्रजी. ते खुर्चीतून अर्धे उठले. "बॅड? आमची मराठी बॅड?" मग मला मध्ये पडावं लागलं. मी म्हटलं, "तसं न्हाई हो. अव्वा म्हणतीया, तिला नवऱ्यानं टाकलं न्हाई. तिनंच नवऱ्याला टाकलंय." भाऊसाहेबांनी मला पाहिलं, अव्वाला पाहिलं, काखेतल्या तव्याला पाहिलं, आणि तपकीर ओढली. "असा रकाना नाही," ते म्हणाले. "विधवा आहे, परित्यक्ता आहे, निराधार आहे. नवरा टाकलेल्या बाईचा रकाना सरकारने काढलेला नाही." तेवढ्यात आतून मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे घराच्या अधीक्षिका, उंच, खादीचं पातळ, आवाज असा की हातपंपसुद्धा एका हिसड्यात पाणी द्यायचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "महिनाभराचा तात्पुरता प्रवेश द्या. अर्ज मागाहून पक्का करू." आम्ही आत गेलो. तवा सरकारजमा झाला नाही, हे मुख्य.

दुष्काळ नुकताच सरला होता, पण रेशनला अजून परदेशी तांबडी ज्वारी यायची, मिलो म्हणायचे तिला. त्या मिलोच्या भाकरीला काही जातच नव्हती. थापली की चिरायची, भाजली की तुटायची, गिळली की घशात बसायची. स्वयंपाकघरातल्या बायका त्याला सरकारी शिक्षा म्हणायच्या. अव्वानं तिसऱ्या दिवशी पीठ हातात घेतलं, वास घेतला, त्याला कानडीत दोन शिव्या हासडल्या आणि आधणाच्या पाण्यात उकड काढून असं मळलं की मिलोनं मुकाट्यानं शरणागती पत्करली. तिच्या तव्यावर मिलोची कडक भाकरी झाली! वर शेंगांची चटणी, त्यावर कच्च्या तेलाची धार. खैरूनबी म्हणाल्या, "अगे नीला, ये तो बिस्कुट हो गया गे!" भाऊसाहेबांनी पहिला तुकडा मोडला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "उच्चार स्पष्ट आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकलेली नव्हती.

पण अव्वाला भाकरीच थापत बसायचं नव्हतं. लग्नाआधी ती माहेरच्या गावी कानडी शाळेत लहान पोरांना सांभाळायची, गाणी शिकवायची, अक्षरं गिरवून घ्यायची. दोन वर्षं तिनं ते काम केलं होतं आणि लग्नात ते हळदीबरोबर धुऊन निघालं होतं. महिलागृहात सरकारचा एक वर्ग चालायचा. मोठ्या बायकांनी राहिलेलं शिक्षण पुरं करायचं, मग बालवाडीचं प्रशिक्षण, मग कुठल्यातरी वस्तीत बालवाडी. हे कळल्यापासून अव्वा झोपेतसुद्धा मराठी मुळाक्षरं म्हणायला लागली. वर्गात नाव घालायचं तर अर्ज पक्का हवा, आणि अर्ज पक्का नसेल तर महिना संपला की बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. बाहेर म्हणजे मैंदर्गी, ती खानावळ आणि ते चुलीतलं लाकूड.

भाऊसाहेबांचा हात थरथरायचा म्हणून पक्के अर्ज ते दुपारी माझ्याकडून लिहून घ्यायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. त्या दुपारी त्यांनी अव्वाच्या अर्जाचा कच्चा मसुदा माझ्यापुढं ठेवला. 'आश्रयाचे कारण' याच्यापुढं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पतीने त्यागलेली.' मी वर पाहिलं. ते हळूच म्हणाले, "पोरी, आईचा हट्ट राहू दे. एका 'ने'साठी डोक्यावरचं छप्पर घालवू नये माणसानं." मला छप्पर हवं होतं. शाळा हवी होती, कडुलिंबाखालचा बिट्टीचा खेळ हवा होता. मी शाईनं लिहिलं, 'पतीने'. भाऊसाहेबांनी सही केली, मोठ्या बाईंचा शिक्का बसला. संध्याकाळी अव्वानं विचारलं, "ने हाय का त्यात?" मी म्हटलं, "न्हाई." तिला मराठी अजून नीट वाचता येत नव्हतं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, पण इतकं लाज वाटण्यासारखं दुसरं नाही.

चार दिवसांनी चंद्राबाईचा नवरा आला. चंद्राबाई वेळापूरकडची, आमच्याच खोलीतली, शिवणात हुशार. नवऱ्यानं तिला वर्षापूर्वी हाकलून दिलं होतं, आणि आता पेढ्याचा पुडा घेऊन ऑफिसात उभा राहिला. "मी कुटं टाकलीया? ह्यो बघा की, न्यायला आलोय." भाऊसाहेबांनी अर्ज काढला. पतीने त्यागलेली. पती तर समोर उभा, पेढ्यांसकट. मग त्यागलेली कुठं राहिली? मोठ्या बाईंनी पुष्कळ समजावून पाहिलं, पण नियम नियमासारखा होता. कारणच उरलं नाही तर आश्रय कसला? चंद्राबाई अर्धं शिवलेलं पोलकं मशिनीवर तसंच ठेवून गेली. पेढे कुणी खाल्ले नाहीत. खैरूनबींनी ते नेऊन बाहेरच्या शेळीला घातले आणि शेळीला म्हणाल्या, "तू बी नक्को खाऊ, हराम के हैं." शेळीनं मात्र खाल्ले.

त्या दिवशी अव्वा लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बगितलीस का, कस्तुरे? त्यानं टाकली म्हणून लिवलं, की टाकलेली वस्तू मालक कवाबी येऊन उचलतंय. रस्त्यावर पडलेली चप्पल कशी उचलतंय तसं. म्हणून मी ने ब्याड म्हणले." मी हुंदके देऊन रडायला लागले आणि रडत रडतच सांगून टाकलं, की ने आहे, मीच लिहिलाय, शिक्काही बसलाय. मला वाटलं, आता मार. अव्वा लसणीच्या पाकळीकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लसणीचं नव्हतं. मग म्हणाली, "सुम्निर. रडू नको. हातानं घातलीस न्हवं? मग हातानंच काढ."

सरकारी कागदात फेरफार करणं हा गुन्हा आहे हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर कळलं, आणि मी वर्गात मुलींना तसं सांगतही असे, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं. दुसऱ्या दिवशी अव्वानं भाऊसाहेबांना दुपारी जास्तीची भाकरी वाढली, वर दह्याची वाटी. व्हायचं तेच झालं, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान कलली. मी फाईल काढली. पेन्सिलीला टोक काढायचं त्यांचंच अर्धं ब्लेड घेतलं आणि 'ने' खरवडायला लागले. खरवडताना असा आवाज येत होता की मला वाटलं, गिरणीचा भोंगासुद्धा याहून हळू असेल. कागद पातळ झाला, एके ठिकाणी तर पलीकडचं दिसायला लागलं. त्या पातळ जागेवर श्वास रोखून मी एकच अक्षर लिहिलं, 'स'. पतीस त्यागलेली. शाळेत आम्ही रोज म्हणायचो, द्वितीया, स ला ते, स ला ना ते. 'ला' लिहिला असता तर बसला नसता, जागा एकाच अक्षराची होती.

आणि आठ दिवसांत अप्पा आले. बरोबर गावचे गौडा, म्हणजे पाटील, पांढरा पटका, हातात चांदीच्या मुठीची काठी. अप्पांनी हिरवं लुगडं आणलं होतं, घडी न मोडलेलं. खानावळ बसली होती, दुसऱ्या बाईच्या भाकरीला गिऱ्हाईक टिकत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. ऑफिसात मोठ्या बाई, भाऊसाहेब, दारात खैरूनबी आणि त्यांच्यामागं निम्मं महिलागृह. अव्वा भिंतीला टेकून उभी होती, वाकडी करंगळी दुसऱ्या हातात धरून. मी तिच्या मागं. मला दिसत होतं ते मशिनीवरचं अर्धं पोलकं.

अप्पा म्हणाले, "मी टाकलंच न्हाई हो बाईसाब. माझी बायकू हाय. घरला न्यायला आलोय." गौडा म्हणाले, "संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागतंय. मी जामीन हाय." मोठ्या बाईंनी अव्वाला विचारलं, "जायचं आहे का?" अव्वा म्हणाली, "न्हाई." अप्पा हसले. "ती काय म्हणतीया त्याला काय अर्थ हाय? कागद बगा. चंद्राबाईचा कागद कसा बगितला तुमी? आमाला समदं कळलंय."

मोठ्या बाईंनी अर्ज हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग कागद जरा वर धरला, आणि खिडकीतल्या उजेडाचा एक ठिपका त्या पातळ जागेतून आरपार येऊन त्यांच्या गालावर पडला. मी डोळे मिटून घेतले. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे जरा पाहा. इथं 'पतीस त्यागलेली' असं आहे. बरोबर आहे का?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. कागद नाकाशी नेला. त्यांनी स्वतः दिलेला मसुदा, स्वतःची सही, स्वतःचं ब्लेड. सगळं त्यांना कळलं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मांजरीसारखी अव्वाच्या पदराआड गेले. त्यांनी डबी काढली, तपकीर ओढली, पण शिंकले नाहीत. मग ताठ उभे राहून म्हणाले, "बाई, व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे."

"म्हंजे?" गौडा म्हणाले.

"द्वितीया विभक्ती. त्याग करण्याची क्रिया नीलाबाईंनी केली, त्या कर्ता. आणि हे," त्यांनी अप्पांकडे बोट केलं, "हे कर्म."

"कसलं कर्म?" अप्पा ओरडले.

"तुम्ही. तुम्ही कर्म आहात."

दारातून खैरूनबींचा आवाज आला, "करम फूटे इसके!" आणि निम्मं महिलागृह खिदळलं. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागद फायलीत ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही यांना टाकलं असतं तर तुम्ही न्यायला आलात म्हणून विचार केला असता. पण इथं यांनी तुम्हाला टाकलंय. त्यांचं कारण अजून शाबूत आहे. तुम्ही यावं आता." गौडांना तेवढ्यात सगळं उमगलं. ते अप्पांना कानडीत म्हणाले, "म्हणजे रे, टाकलेला तू होय?" आणि काठी टेकत बाहेर पडले. टाकलेल्या नवऱ्याची जामीनकी त्यांच्या पटक्याला शोभणारी नव्हती. अप्पा लुगडं घेऊन त्यांच्यामागं गेले. दोघं गेटाबाहेर दिसेनासे झाले तेव्हा अव्वानं माझा हात इतका घट्ट दाबला की माझीच करंगळी वाकडी होईल असं वाटलं. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मला म्हणत होती, "स म्हणजे काय गं? मला लिवून दाखव की." मी जमिनीवर बोटानं स काढून दाखवला. मराठीतलं ते अक्षर ती कधी विसरली नाही.

पुढं अव्वानं वर्ग पुरा केला, प्रशिक्षण घेतलं आणि विडी कामगारांच्या वस्तीत तिला बालवाडी मिळाली. पोरं "स सशाचा" म्हणायची तेव्हा ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. मी मराठीची शिक्षिका झाले, तीस वर्षं विभक्ती शिकवली. आणि नोकरीच्या कितव्यातरी वर्षी वह्या तपासताना एकाएकी माझा लाल पेन थांबला. पतीस त्यागलेली! अगं बाई, हे तर चूक आहे. 'त्यागलेली' म्हणजे जिला कुणीतरी त्यागलंय ती. जिनं त्यागलं तिला 'पतीचा त्याग केलेली' म्हणायला हवं. पुण्याच्या परिपत्रकालाही न सोडणाऱ्या भाऊसाहेबांना हे ठाऊक नसेल? त्यांना ते त्या दिवशी, चष्मा पुसतानाच दिसलं असणार. सगळ्या जन्मात त्या माणसानं एकदाच अशुद्धाला शुद्ध म्हटलं, आणि तेही आमच्यासाठी, ताठ उभं राहून. मी धावत त्यांच्या घरी जायला हवं होतं, पण तोवर ते राहिले नव्हते. ते असेपर्यंत दर संक्रांतीला अव्वा त्यांच्याकडे कडक भाकरीचा डबा पाठवायची, तो रिकामा परत यायचा, त्यात एक चिठ्ठी असायची, 'भाकरी पोचल्या. उच्चार स्पष्ट.'

मी घरी आले. अव्वा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, "अव्वा, तुझ्या त्या अर्जातलं वाक्य चूक होतं."

"कोण म्हणतंय?"

"व्याकरण म्हणतंय."

तिनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. "मग ने घातलं की बरोबर होतंय का?"

"होतंय."

"मग चूकच ऱ्हाऊ दे की," अव्वा म्हणाली.